चौसष्ट बरोबर चौसष्ट

सूड घेऊन मनाला शांती मिळत नाही, असं मी पुष्कळांच्या तोंडून ऐकलं आहे. त्यांनी तो नीट घेतला नसावा. मी घेतला आहे. कुणाला बोट न लावता, भर दिवसा, फळ्यावर, खडूने घेतला आणि ज्याच्यावर घेतला त्याला ओरडायचीही सोय ठेवली नाही. त्या रात्री मला गाढ झोप लागली. सकाळी उठल्यावरही आनंद तसाच शिल्लक होता.

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. आमच्या डोंबिवलीत विहिरीचं पाणी आणि घासलेटचे कंदील होते. ठाकुर्लीच्या पॉवर हाऊसची चिमणी आमच्या अंगणातून दिसायची, पण तिथली वीज रेल्वेच्या गाड्यांना जायची, आमच्या घरात यायची नाही. आणि मी मात्र कल्याणला संध्याकाळच्या वर्गाला जाऊन विजेचाच अभ्यास करायचो. आई म्हणायची, दुसऱ्याच्या घरचा स्वयंपाक शिकतोयस.

वर्ग घेणारे सर विद्वान होते, याबद्दल माझं दुमत नाही. गोरे, किडकिडीत, पांढऱ्या लांब कोटातले. फळ्यावर सर्किट काढायचे ते पट्टीशिवाय, पण रेघ इकडची तिकडे व्हायची नाही. त्यांचा एकच दोष होता. वह्या आणि पेपर तपासताना ते शेवटची ओळ बघायचे. वर काय लिहिलंय ते वाचायची त्यांना गरज वाटायची नाही, कारण शेवटी ताळा असायचा.

हा ताळा काय होता ते थोडं सांगतो, नाहीतर पुढची चव कळायची नाही. गणितं मेशची असायची; मेश म्हणजे तारांचा एक बंद फेरा. दोन फेरे शेजारी शेजारी असले की चाळीतल्या दोन बिऱ्हाडांसारखी मधली भिंत दोघांची सामाईक असते. प्रत्येक फेऱ्यात एकेक करंट फिरतोय असं धरायचं, बाणाने त्याची दिशा दाखवायची, समीकरणं मांडायची आणि ते दोन करंट काढायचे. मधल्या सामाईक तारेत दोघांची वजाबाकी वाहते. उत्तर आलं की पडताळायचं. बॅटऱ्यांनी किती शक्ती दिली ते एका बाजूला मांडायचं, रेझिस्टन्सनी किती खाल्ली ते दुसऱ्या बाजूला. जेवढं दिलं तेवढंच खाल्लं गेलं पाहिजे, कारण वीज हवेत उडून जात नाही. सर म्हणायचे, "ताळा जमला की उत्तर बरोबर. मग खुशाल झोपा." आणि आम्ही खुशाल झोपायचो.

आमच्या वर्गात कल्याणच्या एका वकिलांचा पुतण्या होता. हे वकील म्हणजे वर्ग चालवणाऱ्या मंडळाच्या कमिटीतलं मोठं प्रस्थ. पुतण्याला समीकरणं मांडता येत नसत. गुणाकार-बेरीज मात्र त्याची चोख होती, त्यामुळे कुणाचंही उत्तर मिळालं की ताळा तो झटक्यात करायचा. दिसायला देखणा, बोलायला गोड. मलाही तो आवडायचा, हे आज लिहिताना हात अडखळतो.

वार्षिक परीक्षेत तो माझ्या शेजारच्या बाकावर होता. दोन फेऱ्यांचं एक अवघड गणित मी सोडवलं. पुढचा प्रश्न खुणावत होता म्हणून ताळा शेवटी करू असं ठरवून पुढे गेलो, आणि तो करायचा राहूनच गेला. पुतण्याने ते गणित माझ्या कागदावरून जसंच्या तसं उतरवलं. वेळ उरला होता, म्हणून खाली सुंदर ताळाही मांडला.

दोन्ही पेपरांत फेऱ्यांचे बाण उलटे होते. सर बाण घड्याळाच्या काट्यांप्रमाणे काढायला शिकवायचे. मी डावखुरा, माझ्या हाताला उलटा फेरा सोपा पडायचा. वर्गात असे उलटे बाण काढणारा मी एकटाच होतो. माझी एक वही वरपासून खालपर्यंत वाचली असती तरी हे कळलं असतं. ते अवघड गणित आम्हा दोघांनाच सुटलं होतं, म्हणून एरवी वर न जाणारी सरांची नजर बाणांपर्यंत गेली आणि त्यांनी आम्हा दोघांना समोर उभं केलं.

"हे उलटे बाण कुणाचे?"

"माझे, सर," पुतण्या म्हणाला. पापणीसुद्धा लवली नाही त्याची.

"सर, उत्तर माझं आहे," मी म्हणालो.

"तुझं आहे तर ताळा कुठाय?"

मी म्हटलं, वेळ पुरला नाही. सर हसले. ज्याने सोडवलं त्याने पडताळलं, ज्याने उतरवलं त्याला घाई झाली, असा त्यांचा न्याय. संध्याकाळी वकीलसाहेब स्वतः येऊन सांगून गेले की पुतण्या घरी आपल्यासमोर अशी गणितं सोडवतो. उंदराला मांजर साक्ष. माझं ते वर्ष रद्द झालं. बाहेर पडताना पुतण्या माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मनाला लावून घेऊ नकोस रे." चोर तो चोर, वर शिरजोर.

कल्याणची बातमी डोंबिवलीला पोचायला वेळ लागत नाही. मी आसपासच्या मुलांच्या शिकवण्या करायचो, त्यावर माझं शिक्षण चालायचं. कुणी काही बोललं नाही, पण एकेक मूल यायचं बंद झालं. विहिरीवर बायका आईला विचारायच्या, तुमचा मुलगाच ना तो, कॉपी करताना धरलेला? आई घागर भरून घरी यायची आणि मला काही न सांगता भांडी आपटायची. मी पुन्हा वर्ष काढलं, पास झालो, चांगला पास झालो. पण 'कॉपीवाला' हे बिरूद चिकटलं ते चिकटलंच.

मग ठाण्याला तलावापासून जवळच त्याच मंडळाची एक नवी तंत्रशाळा निघायची ठरली. तिचे मुख्य आमचे सरच होणार होते. विजेच्या वर्गाला एक शिक्षक हवा होता. मला ती जागा हवी होती, पोटासाठी तर हवीच होती, पण त्याहून जास्त नावासाठी. ज्या सरांनी मला चोर ठरवलं त्यांनीच मला हाताखाली घेतलं, तर विहिरीवरची तोंडं आपोआप बंद झाली असती. मी अर्ज केला. अर्ज सर स्वतः उघडायचे, त्यामुळे तो वकिलांच्या कानावर गेला नव्हता. पुतण्यानेही अर्ज केलाय हे मात्र मला माहीत होतं, कारण त्याने ते सगळ्या कल्याणला सांगितलं होतं. निवडीची रीत अशी ठरली होती की सगळ्यांना एकच गणित द्यायचं, आधी ते कागदावर सोडवायचं, मग कमिटीसमोर फळ्यावर शिकवून दाखवायचं.

निवडीच्या आदल्या आठवड्यात एका दुपारी पुतण्या आमच्या ओटीवर येऊन बसला. त्या परीक्षेनंतर तो कधी आमच्याकडे फिरकला नव्हता.

"अरे, मुद्दाम तुझ्याकडे आलेलो," तो म्हणाला. "माझ्या एका चुलतभावाला हे गणित घातलंय. अडलंय त्याचं. तू चटकन काढशील. पद्धत नको, नुसतं उत्तर दे. आणि कुणाला बोलू नकोस हां."

त्याने कागदावर सर्किट काढून दाखवलं. डाव्या फेऱ्यात बारा व्होल्टची बॅटरी आणि दोन ओहमचा रेझिस्टन्स. उजव्या फेऱ्यात दहा व्होल्टची बॅटरी आणि तीन ओहम. मधल्या सामाईक तारेत दोन ओहम. वीज शिकणारा चुलतभाऊ त्याला नव्हता, आणि असता तरी अशा भावासाठी उन्हातून डोंबिवलीला येणारा हा माणूस नव्हता. गणित कमिटीच्या बैठकीत ठरलं होतं आणि काका त्या बैठकीला होते. एवढं कळायला समीकरण मांडावं लागत नाही.

मी कागद घेऊन आत गेलो. आई चुलीपाशी होती. तिने दाराच्या फटीतून बाहेर पाहिलं.

"हाच ना तो?"

"हाच. चहा टाक त्याला."

"याला चहा?"

"साखर जरा जास्त घाल," मी म्हणालो.

गणित सोपं होतं. डाव्या फेऱ्यात पाच अँपिअर, उजव्यात चार. ताळा केला, दोन्ही बाजूंना शंभर. उत्तर बरोबर होतं आणि ते बाहेर नेऊन द्यायची माझी काडीची इच्छा नव्हती. चुकीचं उत्तर द्यावं, तर तो तिथेच ताळा करून बघणार. त्याला तेवढंच येत होतं आणि तेवढं पक्कं येत होतं. मला असं उत्तर हवं होतं जे चुकीचंही असेल आणि ताळ्यातही बसेल.

मराठी शाळेत आम्हाला गुणाकार तपासायला नवाचा ताळा शिकवायचे. आकड्यांची बेरीज करायची, ती जुळली की उत्तर बरोबर. एकदा मी पंचेचाळीसच्या जागी चोपन्न लिहिलं होतं आणि ताळा जमला होता, कारण चार आणि पाच कसेही ठेवले तरी बेरीज नऊच. गुरुजींनी छडी मारून सांगितलं होतं की गाढवा, ताळा चुकला तर उत्तर नक्की चूक, पण ताळा जमला म्हणजे उत्तर बरोबर असं कुणी सांगितलं? चुलीच्या धुरात उभं राहून मला ते आठवलं आणि मी विचार केला, की सरांच्या ताळ्यालाही हेच लागू का नसावं? करंट दोन आणि ताळा एक. दोन माणसांना एका दोरीने बांधून ठेवता येत नाही, कुणीतरी सुटतंच.

मी उजवा करंट चारच ठेवला. डाव्याला अनोळखी धरलं आणि ताळ्याचंच समीकरण मांडलं. ते निघालं वर्गसमीकरण, आणि वर्गसमीकरणाला दोन उत्तरं असतात. एक पाच, ते खरं. दुसरं दोन. दोन म्हणजे साफ खोटं, आणि तरीही ताळ्यात चपखल बसणारं. इतका आनंद मला त्या विद्येने पूर्वी कधी दिला नव्हता.

ओटीवर येऊन मी सांगितलं, "डावीकडे दोन, उजवीकडे चार."

पुतण्याने कप खाली ठेवला आणि पेन्सिल घेतली. बारा दुणे चोवीस, दहा चोक चाळीस, बॅटऱ्यांनी दिले चौसष्ट. मग खाणारे, करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स. पहिल्या रेझिस्टन्समध्ये आठ, दुसऱ्यात अठ्ठेचाळीस, मधल्यात दोनाची वजाबाकी म्हणून पुन्हा आठ. त्याने बेरीज केली आणि त्याचा चेहरा उजळला.

"चौसष्ट बरोबर चौसष्ट. मानलं रे तुला."

उठताना तो म्हणाला, "मागचं काही मनात ठेवलं नाहीस, बरं वाटलं." मी त्याला पायऱ्यांपर्यंत पोचवायला गेलो. प्रश्न मलाही आधी कळला होता हे खरं आहे. पण मला तो आधी कळायची गरज नव्हती, आणि मी तो मागायला कुणाच्या ओटीवर गेलो नव्हतो, तेव्हा त्याबद्दल मला कधी टोचणी लागली नाही.

निवडीच्या दिवशी ठाण्याच्या त्या नव्या इमारतीत चुन्याचा वास येत होता. एका बाजूला सर, वकील आणि कमिटीतले आणखी दोघे. दुसऱ्या बाजूला आम्ही उमेदवार. मला पाहून पुतण्या दचकला. त्याने काकांकडे पाहिलं, काकांनी माझ्याकडे. मग त्याने खिशावर हात ठेवला, स्वतःशीच ओठ हलवले आणि तो सावरला. तो मनात बेरीज करत होता हे मला दिसत होतं. चौसष्ट बरोबर चौसष्ट, मग भीती कसली? ताळा थोडाच खोटं बोलणार?

गणित तेच आलं. बाकीच्या उमेदवारांनी अर्धवट सोडलं. सरांनी आमचे दोन कागद उचलले, सवयीप्रमाणे शेवटची ओळ बघितली, आणि पुन्हा बघितली. मग चष्मा काढून पुसला.

"एकाचा ताळा चौसष्टाला जमलाय, दुसऱ्याचा शंभराला," ते म्हणाले. "असं कसं?"

"दोघांचंही बरोबर असेल," वकील म्हणाले. "ताळा दिलाय ना मुलाने? आणखी काय हवं?"

"एका सर्किटला दोन उत्तरं नसतात हो, वकीलसाहेब."

पुतण्याला आधी फळ्यावर बोलावलं. त्याने सर्किट काढलं, बाण काढले, सरळ फेऱ्याचे, आणि समीकरणांना बगल देऊन थेट ताळ्यावर आला, कारण सरांना काय आवडतं ते त्याला ठाऊक होतं. अक्षर मोत्यासारखं. कमिटीतले दोघे माना डोलवत होते. सर मात्र डोलवत नव्हते. त्यांनी स्वतः कागद ओढून बेरजा तपासल्या. त्यांच्या आयुष्यभराच्या ताळ्याने त्यांच्यासमोर दोन साक्षी दिल्या होत्या आणि दोन्ही निर्दोष होत्या. त्यांच्या कपाळावर आलेला घाम मी डोळे भरून पाहिला.

"सर, मी एक विचारू का?" मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मी फळ्यापाशी गेलो, माझं उत्तर लिहिलं नाही, पुतण्याच्याच आकड्यांवर बोट ठेवलं.

"याच्या डाव्या फेऱ्यातून एक चक्कर मारू. करंट दोन, रेझिस्टन्स दोन, इथे खर्च झाले चार व्होल्ट. मधल्या तारेत दोनातून चार गेले, उणे दोन. गुणिले दोन, उणे चार. चार आणि उणे चार, चक्कर पुरी झाली, एकूण खर्च शून्य. मग बॅटरीचे बारा व्होल्ट गेले कुठे?"

पुतण्या फळ्याकडे बघत राहिला.

"सर, मांडूनच बघू," मी म्हणालो. टेबलावर शिशाच्या बॅटऱ्या होत्या, तारेची वेटोळी होती, मीटर होता. मी जोडणी केली. काटा उठला आणि पाचाच्या जरा अलीकडे येऊन थांबला. दोनाच्या आसपासही तो रेंगाळला नाही. तारेचं वेटोळं तापायला लागलं तेव्हा सरांनी स्वतः जोडणी सोडवली.

मग ते पुतण्याकडे वळले. आवाज चढवला नाही.

"समीकरणं मांडून हे दोन कधीच येत नाहीत. ताळा जमतोय म्हणजे आकडा अंदाजानेही आलेला नाही. कुठून आणलंस हे उत्तर?"

पुतण्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. त्या क्षणी त्याला सगळं कळलं, चहा, साखर, पायऱ्यांपर्यंत पोचवायला येणं, सगळं. याने दिलं, एवढं म्हणायला तोंड उघडायचं होतं. पण मग पुढचा प्रश्न आलाच असता, की याने कधी दिलं, आणि निवडीचं गणित तुझ्याकडे आधी आलं कुठून. काकांचा चेहरा पांढरा पडला होता. ते पुतण्याकडे बघून अगदी बारीक मान हलवत होते, नाही, नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिला.

"कुणाचं आहे हे?" सरांनी पुन्हा विचारलं.

"माझं, सर," पुतण्या म्हणाला. "मीच सोडवलंय."

एकदा माझं खरं उत्तर त्याने स्वतःचं म्हणून सांगितलं होतं. आता माझं खोटं उत्तरही त्याला स्वतःचं म्हणावं लागलं. पापणी मात्र या वेळी लवली. कितीतरी वेळा लवली.

वकिलांना अचानक कोर्टाचं काम आठवलं. पुतण्या त्यांच्या मागोमाग गेला. जागा मला मिळाली आणि ती कमिटीने एकमताने दिली, असं नंतर कागदोपत्री लिहिलं गेलं.

खोली रिकामी झाल्यावर सर फळ्यासमोर उभे राहिले. पुतण्याचे आकडे तसेच होते. त्यांनी खडू घेतला, चार तसाच ठेवून डाव्या करंटला अनोळखी धरलं, आणि ताळ्याचं वर्गसमीकरण मांडलं. पाच आणि दोन. बराच वेळ ते त्या दोनाकडे बघत होते. मी म्हटलं ना, विद्वान माणूस होता.

"हे अंदाजाने सापडत नाही," ते फळ्याकडेच बघत म्हणाले. "हे शोधावं लागतं. आणि शोधायला आधी खरं उत्तर माहीत असावं लागतं."

त्यांनी माझा कागद पुन्हा उचलला. या वेळी वरपासून वाचला, प्रत्येक ओळीवर बोट फिरवत. बाणांपाशी आल्यावर बोट थांबलं. बाण उलटे होते, नेहमीसारखे.

"त्या वर्षी..." सर म्हणाले. "त्या परीक्षेच्या वेळी मी तुला..."

ते थांबले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आपल्याकडे अशा वेळी समोरच्याने काय म्हणायचं ते ठरलेलं असतं. जाऊ द्या सर, झालं गेलं. मोठ्या माणसाला शेवटपर्यंत बोलायला लावायचं नाही, मध्येच सोडवायचं, हा आपला रिवाज. सर त्याचीच वाट बघत होते.

मी गप्प उभा राहिलो आणि त्यांना ते वाक्य पुरं करायला लावलं.